कोळसेराव

कोळसेराव दिसायला काळेकुट्ट, वजनाला नगण्य. मूठभर हातात घेतले तर तळवा काळा होतो, भार मात्र जाणवत नाही. कारण हा गृहस्थ आतून जवळजवळ पोकळ. भिंगाखाली धरला तर लाकडाच्या नळ्या जशाच्या तशा दिसतात. नीट भाजलेल्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या, तर शंभर-दोनशे चौरस मीटर भरतात. पुण्याजवळच्या, आयटी पार्कच्या हिंजवडीत एवढ्या जागेचा भाव काय होतो, हे सांगायला नको. कोळसेराव मात्र ती जागा पाण्याला, पालाशाला आणि जिवाणूंना फुकट राहायला देतात.

शेतकी पुस्तकांत त्यांना बायोचार म्हणतात. जन्म आगीतला, पण आगीला हवा कमी पडली तरच. काटक्या उघड्यावर पेटवल्या तर शेवटी राख उरते. तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता खड्डा घेतला, वरच्या ज्वाळेने खालची हवा तोडली, निखाऱ्यावर राखेची साय धरू लागली की पुढचा थर टाकला आणि शेवटी भरपूर पाणी ओतलं, की कोळसेराव हजर. 100 किलो सुक्या काटक्यांतून साधारण 20-25 किलो.

हिंजवडीच्या मुळशी तालुक्याला हे घराणं नवं नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजायची इथली रीत जुनी. त्यात राखेबरोबर थोडा कोळसाही मातीत जायचा. सह्याद्रीतल्या भट्ट्यांवर कातकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळसा पाडला, पण तो गेला शहरांच्या शेगड्यांत. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा केला, त्याला 2002 साली ॲशडेन पुरस्कारही मिळाला, तोही चुलीसाठीच. तिकडे ॲमेझॉनच्या खोऱ्यात मात्र जुन्या वस्त्यांनी कोळसा मातीत मिसळला आणि ती काळी माती शेकडो वर्षांनंतरही कसदार आहे. आपल्याकडे कोळसेरावांची बहुतेक नोकरी चुलीपुढे झाली. मातीतली बढती त्यांना आत्ता मिळते आहे.

ते कुठे रमतात? मुळशीच्या पश्चिमेला, जिथे पाऊस धो-धो कोसळतो आणि वरकस जमिनीतलं सत्त्व वाहून नेतो. तिथली माती आंबट. कोळसेरावांच्या अंगातला क्षार तो आंबटपणा कमी करतो. अशा उतारावरच्या कारळ्याला त्यांची सोबत मानवावी. भुईमुगाशी त्यांचं विशेष जमतं. फूल गळल्यावर आऱ्या मातीत घुसायच्या, तर माती भुसभुशीत हवी; ती करायला कोळसेराव मदत करतात. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंनाही त्यांच्याकडे आसरा मिळतो. जगभरच्या प्रयोगांचा 2017 साली एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी 25 टक्के वाढलेलं आढळलं. थंड देशांत वाढ जवळपास नव्हती. आपल्या पूर्वेकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात मात्र त्यांचा क्षार कामाचा नाही. तिथे जपून.

त्यांना एक खोडही आहे. भट्टीतून काढून कोरडेच शेतात टाकले, तर ते आधी स्वतःचं पोट भरतात. मातीतलं नत्र धरून बसतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून आधी त्यांना शेणकाल्यात, गोमूत्रात किंवा कंपोस्टात दोन-तीन आठवडे मुरवायचं. ओलेच पसरायचे, म्हणजे भुकटी नाकातोंडात जात नाही. शिवाय पदरचं नत्र त्यांच्याकडे फारसं नाहीच. तेलबियांना लागणारं गंधकही ते पुरेसं देत नाहीत. भुईमुगाला जिप्सम द्यावंच लागतं. ते राखणदार आहेत, सावकार नव्हेत.

टिकून राहण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पालापाचोळा कुजला की त्यातला बहुतेक कार्बन काही वर्षांत हवेत परततो. कोळशातला बराचसा शेकडो वर्षं मातीत राहतो. म्हणून संगणकवाल्यांनाही त्यांची किंमत कळली: जानेवारी 2025 मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी बायोचारचे एक लाख टन कार्बन क्रेडिट घेण्याचा करार केला.

हिंजवडीत कच्च्या मालाला तोटा नाही. सोसायट्यांतल्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, नारळाच्या करवंट्या, जवळच्या गिरण्यांचा भाताचा तूस आहेच. हा माल रस्त्याकडेला पेटवू नका, भाजून घ्या. पण कोळशासाठी उभं झाड तोडू नका. एक गुंठा घ्या. अर्ध्यात मुरवलेला कोळसा घाला, अर्धा तसाच ठेवा. बियाणं आणि खत दोन्हीकडे सारखं. पहिल्या हंगामातल्या शेंगा पाहून कोळसेरावांबद्दल मत बनवू नका. तिसऱ्या वर्षी दोन्हीकडच्या शेंगा तराजूत घाला आणि मगच ठरवा.