गप्प मुलाकडे आधी जा

चि. मृणाल हिस,


तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. तसंच बोलून उत्तर देणं मला जमेना, म्हणून कागद घेतला. तुझं म्हणणं थोडक्यात असं: मुलांच्या वॉर्डला पोस्टिंग मिळालंय. इंजेक्शनचा ट्रे घेऊन दारात उभी राहिलीस की अख्खा वॉर्ड भोकाड पसरतो. आया तुझ्याकडे बोट दाखवून ‘गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल’ म्हणतात. ड्यूटी संपेपर्यंत आपण सिस्टर आहोत की बागुलबुवा, हेच तुला कळेनासं होतं. बदली मागू का, असं विचारलंस.

मागू नकोस, एवढं आधीच सांगते. ड्यूटीवर आलीस की पहिली फेरी रिकाम्या हातानं मार. ट्रे नाही, बीपीचं यंत्र नाही, नुसती जाऊन ये. आयांशी बोल, एखादीचं बाळ घटकाभर घे. दर वेळी सिस्टर आली की टोचतेच असं नाही, एवढं मुलांच्या ध्यानात आलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो. उरलेलं रडणं राहू दे. रडणाऱ्या मुलाची मला कधी फारशी धास्ती वाटली नाही. ज्याला रडता येतं त्याच्या छातीत तेवढा दम असतो, अंगात त्राण असतं, आणि आपण रडलो तर कुणीतरी येईल हा भरवसाही शाबूत असतो. आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतल्यावर मी वॉर्डभर फिरायची ती न रडणारी मुलं शोधत.

मूल गप्प का आहे, हे कळायला केस पेपरवरचा वयाचा रकाना आधी वाचावा लागतो. ‘वाढ व विकास’ हा धडा तुम्ही परीक्षेपुरता घोकता: पाचव्या महिन्यात वजन दुप्पट, वर्षाला तिप्पट, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरणं. पेपर झाला की सगळं विसरता. तो धडा खरा कामाला येतो तो ड्यूटीवर. आठ दिवसांचं बाळ, दोन वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी, तिघंही गप्प असतील तर तिघांची दुखणी वेगळी आहेत.

‘आमचं बाळ फार गुणी हो, रडतच नाही’ असं एखादी आजी कौतुकानं सांगेल. हातातलं काम ठेव आणि त्या बाळाकडे जा. अंगावर पितंय का बघ. तळपायाला हात लाव, मग पोटाला. पोट गरम आणि पाय गार, तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार, तर डॉक्टरांना लगेच बोलाव. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला मोठ्यांसारखा ताप येईलच असं नाही. कित्येकदा ते नुसतं थंड पडतं, दूध सोडतं आणि शांत होतं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची सवय मोठ्यांच्या वॉर्डात ठेवून ये, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, तर तो जलद. मूल आईच्या मांडीवर शांत असताना, तू त्याला हात लावायच्या आधी मोज.

तान्ह्यांना दुखत नाही, असंही एकेकाळी मोठमोठे डॉक्टर मानत. १९८० च्या दशकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतसुद्धा नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुष्कळदा जुजबी भूल देऊन उरकल्या जात. स्नायू ढिले करणारं औषध दिलेलं असे, त्यामुळे बाळ हलत नसे, रडत नसे. गप्प, म्हणजे दुखत नाही, असा तो हिशेब! इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की वेदनाशामक औषध जोडीला दिलं तर मुदतपूर्व बाळाच्या शरीरावरचा शस्त्रक्रियेचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही. आपल्या हातात शस्त्रक्रिया नसते, पण लस असते. टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवायला सांग. दुखणं कमी होतं, हे अभ्यासांनी सिद्ध झालेलं आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजातांच्या कक्षात ड्यूटी लागली तर ‘आईला आत कशाला?’ म्हणणारं कुणीतरी भेटेलच. त्यांना २०२१ सालचा अभ्यास सांग. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात तो झाला, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. एक किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं होती. बाळ स्थिर होईपर्यंत थांबून मग कांगारू पद्धत सुरू करण्याऐवजी जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. वॉर्मर हवाच, पण आई त्या वॉर्मरची पाहुणी नव्हे.

ओघात एक सांगते. बाळाच्या गालावरची तीट, मनगटातला काळा दोरा, उशाखालचा अंगारा यांवरून कुणाशी भांडू नकोस. आईला त्यानं धीर येतो आणि बाळाचं काही बिघडत नाही. भांडायचं ते धुरीवरून, मधाच्या बोटावरून, नाकात तेल सोडण्यावरून आणि डोळ्यांतल्या काजळावरून. चीक काढून टाकणाऱ्या आजीशी तर मी खुशाल भांडायची.

आता एक ते तीन वर्षांची मुलं. तुझ्या वॉर्डात सगळ्यात जास्त आरडाओरडा यांचाच असणार आणि सगळ्यात फसवं गप्प बसणंही यांचंच. जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकानं १९५२ साली लंडनमध्ये एक मूकपट काढला, ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’. त्या काळी तिकडे आईबापांना वॉर्डात सहसा येऊ देत नसत. कुठे रविवारी दोन तास, कुठे मूल झोपल्यावर लांबून बघायचं. चित्रपटातली लॉरा अडीच वर्षांचीही नाही. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस दाखल आहे. ती ओरडत नाही, लोळण घेत नाही. अधूनमधून आईला विचारते, चेहरा कसाबसा सावरते, आपलं अस्वल छातीशी धरते. दिवस जातात तशी ती मिटत जाते, आणि आई भेटायला आली तरी चटकन तिच्याकडे जात नाही.

रॉबर्टसनचं म्हणणं असं, की आईपासून तुटलेलं मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं आणि शेवटी अलिप्त होतं. आपण सिस्टर लोक दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला ‘रुळलं हो आता’ असं म्हणतो. चित्रपट दाखवला तेव्हा सभागृहातले डॉक्टर आणि नर्स चिडले. आमच्या वॉर्डातली मुलं आनंदात असतात, म्हणाले. मला त्यांचा राग येत नाही. तीस खाटांचा वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला शांत मूल ही देवाची देणगीच वाटते. तरी पुढे सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं १९५९ साली सांगितलं, की आईबापांना मुलापाशी मुक्तपणे येऊ द्या, लहानग्यांच्या आईला सोबत राहता आलं तर उत्तमच.

आपल्या सरकारी दवाखान्यात आई पूर्वीपासून कॉटखाली सतरंजी टाकून झोपते. त्यात आपलं शहाणपण नाही, माणसं कमी म्हणून ती चालवून घेतली. पण सलाईन लावायची वेळ आली की तिलाच ‘बाहेर थांबा’ म्हणतात. नको म्हणूस. मूल तिच्या मांडीवर, तिच्या छातीला पाठ टेकून बसव आणि हात तू धर. तिला बघवत नसेल तर मात्र जबरदस्ती नको. ज्या हाताचा अंगठा ते चोखतं त्या हाताला, जमेल तितकं, सलाईनचं वेनफ्लॉन लावू नकोस. पट्टीत बांधलेला अंगठा म्हणजे त्याचा तेवढाच आधार काढून घेणं. तीन वर्षांचं मूल वॉर्डात पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, बाटली मागतं. आई लाजेनं त्याला धपाटा घालते. तिला सांग, आजारात मूल एक-दोन पायऱ्या खाली उतरतं आणि घरी गेल्यावर परत चढतं.

या वयातलं आणखी एक गप्प मूल असतं, जे वॉर्डामुळे गप्प झालेलं नसतं. न्यूमोनियासाठी आलेलं दीड वर्षाचं पोर. न्यूमोनिया बरा होतो, पण पाठीमागून हाक मारली तर ते वळत नाही, एकही शब्द बोलत नाही. ‘याचा बापही उशिरा बोलला’ असं घरचे सांगतील. त्यावर समाधान मानू नकोस. नोट लिही आणि डॉक्टरांना सांग. २०१३ साली पालघरला सुरुवात झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याचसाठी आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब शोधायचा आणि जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे लवकर उपचाराच्या केंद्राकडे पाठवायचं. कान लवकर तपासले तर भाषा वाचते.

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालतं, ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. पुष्कळांना वाटतं, आपण दंगा केला, भावाला मारलं, म्हणून देवानं आजारी पाडलं. ‘ऐकलं नाहीस ना, आता भोग’ असं घरात कुणी बोललेलं असतं, त्यानं ते खरं मानलेलं असतं. ‘तू काही केलं म्हणून हे झालेलं नाही’ हे वाक्य त्याच्या अंथरुणाशी बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोल. सुईच्या भोकातून सगळं रक्त वाहून जाईल ही भीतीही त्याला असते, म्हणून चिकटपट्टीचा आग्रह. वाया जाते म्हणून नाकारू नकोस. आणि ‘इंजेक्शन देऊ का?’ असं कधीच विचारू नकोस. ते ‘नको’ म्हणणार, आणि तू तरी देणार. ‘कोणत्या हाताला?’ असं विचार. त्याला निवडता येईल अशीच गोष्ट त्याच्यापुढे ठेव.

शाळकरी मुलांशी मला कधी अवघड गेलं नाही. त्यांना काय करणार, किती वेळ लागणार, कितपत दुखणार ते खरं सांगितलं की झालं. फक्त ‘मुलं रडतात होय?’ असं मुलग्यांना म्हणणाऱ्या बापांना आवर. दात-ओठ आवळून बसलेल्या मुलाला किती दुखतंय, हे मग शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर विचारूनच काढावं लागतं.

सगळ्यात कमी लक्ष आपण देतो ते बारा-तेराच्या पुढच्यांकडे. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षं उलटली की मूल मोठ्यांच्या वॉर्डात जातं; तिथं ते कुणाचंच नसतं. तुझ्याकडे आलं तर शेजारी पाळणा आणि भिंतीवर ससा. लाज कुठे ठेवायची त्यानं? पडदा ओढल्याशिवाय पांघरूण बाजूला करू नकोस. तेरा वर्षांच्या मुलीला पॅड हवं का, हे चारचौघांत विचारू नकोस, पण विचार जरूर.

विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं तुला वारंवार भेटतील. वेदनांची लाट आलेली पंधरा वर्षांची मुलगी मोबाइलवर सिनेमा बघत असते. रेसिडेंट डॉक्टर म्हणतो, ‘हिला कुठे दुखतंय, नाटक आहे.’ तिनं वर्षानुवर्षं दुखणं सोसलंय. मोबाइल हा तिनं शोधलेला उपाय आहे. ती दहापैकी आठ म्हणाली, तर आठच लिही. इन्सुलिनवरचा मुलगा डोस चुकवतो तेव्हा त्याला तंबी देण्याआधी विचार, वर्गात कुणासमोर टोचून घ्यावं लागतं का.

या वयाच्या मुलांशी थोडा वेळ एकट्यानं बोलायला मिळालं पाहिजे. आईवडिलांना चहाला पाठव. सुरुवात घर, शाळा, जेवण, मित्र अशी कर. झोप, उदासपणा, अंगाशी केलेली लगट हे नंतर. मात्र ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन आधी देऊन बसू नकोस. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. लैंगिक अत्याचार कळला तर कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. म्हणून सुरुवातीलाच सांग, ‘तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला मदत बोलवावी लागेल, आणि ती तुला विश्वासात घेऊन बोलवेन.’ बऱ्याच मुली हे ऐकूनही बोलतात. ज्या बोलत नाहीत त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या, किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकची वेळ सांगून ठेव, चिठ्ठी नको, तोंडी. चिठ्ठी घरी सापडते.

ताईला माझा नमस्कार सांग. रात्रपाळीला डबा नेत जा, कँटीनचं तेल चांगलं नसतं. आणि बाळांच्या डोसचा हिशेब वजनावर मांडलास की दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय सिरिंज भरू नकोस, कितीही घाई असली तरी.

तुझी,
मावशी