गाडी ओढत नाही तेव्हा

‘गाडी ओढत नाही.’ यवतमाळच्या आर्णी रोडवर गॅरेजवाल्यापुढे तक्रार येते ती बहुधा याच तीन शब्दांत. ट्रॅक्टर असो, मालवाहू ट्रक असो की वीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स सेडान, शब्द बदलत नाहीत. कारणं मात्र डझनभर असतात.

स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस आवृत्ती घ्या. 2004 च्या सुमारास ती भारतात आली. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला या ऑक्टाव्हियांची जुळणी व्हायची. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरांना मिळून वीस व्हॉल्व्ह आणि 150 अश्वशक्ती. अशा गाडीचा दम एका सकाळी जात नाही. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतो आणि मालकाला जाणवतो तो एखाद्या घाटात, समोरचा ट्रक ओलांडताना.

म्हणून जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारतो. इंजिन थंड असताना होतं की तापल्यावर? 3000 आरपीएमच्या वर गेल्यावरच, की सुरुवातीपासून? आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. थोडं चालवून थांबल्यावर एकच चाक हाताला जास्त गरम लागलं, तर ब्रेक अडकलेला आहे. अशा वेळी इंजिन उगाच बदनाम होतं.

यवतमाळात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : महिना कोणता?

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर आहे. एवढ्यानेच हवेचा दाब पाचेक टक्के कमी होतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की 25 अंशांच्या तुलनेत हवा आणखी सहा टक्के विरळ होते. इंजिन पेट्रोल जाळतं ते हवेतल्या ऑक्सिजनवर. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना साध्या इंजिनाची दशांश ताकद हवेतच राहते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, पण दाबलेली हवा तापते. सिलिंडरमध्ये खडखड होऊ लागली की नॉक सेन्सर ओळखतो, कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो आणि पिकअप मंदावतो. जानेवारीतल्या गाडीशी मे महिन्यातल्या गाडीची तुलना करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

व्हॅक्युम गेजचंही तसंच. निरोगी इंजिन आयडलवर पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवतं, असं पुस्तकं सांगतात. पण तो आकडा समुद्रकाठचा. दर हजार फुटांमागे साधारण एक इंच वजा करायचा, म्हणजे यवतमाळात दीड इंच. हे ठाऊक नसलेला माणूस चांगलं इंजिन खोलायला घेईल. ठाऊक असलेला माणूस आकड्यापेक्षा काट्याची हालचाल पाहतो. इंजिन 2500 आरपीएमवर धरल्यावर काटा हळूहळू खाली सरकत गेला, तर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोकअप झाल्याची शंका घ्यायला जागा आहे.

जुन्या टर्बो गाडीत पहिला संशय मात्र रबराचाच. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने होस पाइप कडक होतात, चिरतात, आणि चीर नेमकी खालच्या बाजूला पडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते. टर्बोचा दाब आला की उघडते. एअर-मास सेन्सरने मोजलेली हवा तिथून निसटते, कॉम्प्युटर मात्र तिच्याच हिशेबाने पेट्रोल देतो, आणि मागून काळा धूर येतो. पाइपात धूर सोडून पाहिला की ती चीर काही मिनिटांत सापडते. सेन्सर स्वतःच थकलेला असू शकतो. या इंजिनाचे जाणकार एक ठोकताळा वापरतात : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असताना सेकंदाला जितके ग्रॅम हवा, त्याच्या सव्वापट अश्वशक्ती. 150 हवी असेल, तर स्कॅनरवर 120 च्या आसपास दिसायला हवं.

मग प्लग आणि कॉइल, जी तापल्यावरच दगा देते. मग फ्युएल पंपाचा दाब, तोही इंजिनावर ताण असताना मोजलेला. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हे वीस वर्षांपूर्वीच्या रबरासाठी नवं आहे. टाकीतला जुना मळ सुटून फिल्टरमध्ये बसू शकतो, म्हणून तोही बदलून पाहावा. कॉम्प्रेशनची पाळी शेवटी. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

हा क्रम पाळला जात नाही, हीच खरी तक्रार आहे. स्कॅनरवर एक कोड दिसतो आणि त्या नावाचा पार्ट मागवला जातो. तो बसवूनही गाडी ओढत नाही, मग दुसरा. कोड लक्षण सांगतो, कारण शोधावं लागतं. सुटे भाग नागपूरहून किंवा त्याहून दुरून येतात तिथे चुकीच्या अंदाजाची किंमत पैशांत भरावी लागते आणि आठवड्यांतही. शेवटी गाडी ‘संपली’ म्हणून कोपऱ्यात उभी राहते, आणि दोष निघतो शंभर-दोनशे रुपयांच्या नळीत.

म्हणून जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना एवढीच विनंती : गॅरेजला जाण्याआधी आठ दिवस एक वही ठेवा. तारीख, तापमान, पेट्रोल कुठे भरलं, इंजिन गरम होतं की थंड, कोणत्या आरपीएमला दम तुटला, हे लिहा. आणि ती वही किल्लीबरोबर मिस्त्रीच्या हातात द्या.