कोरोशकर

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं मी विचारलं आणि समोरच्या बाई थबकल्या. प्रश्न अवघड नव्हता, माझं इंग्रजीही त्यांना कळलं होतं. तरी त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या, ओठ एकदा उघडले, पुन्हा मिटले. ते थबकणं मी लगेच ओळखलं, कारण तसंच मी जन्मभर थबकत आले आहे.

कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या तोंडाशी असलेल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आम्ही एकाच टेबलाशी बसलो होतो. मी शाळेत भूगोल शिकवला, पंचवीस वर्षं याच शहरात. निवृत्तीनंतर जुने नकाशे पाहायचा नाद लागला. त्या दिवशी अपजॉनने 1794 मध्ये प्रसिद्ध केलेला कलकत्त्याचा नकाशा माझ्यापुढे होता, त्यांच्यापुढे एक जाड, जुना कोश. दोघींनी एकाच वेळी मान वर केली आणि बोलणं सुरू झालं.

"सांगते," त्या अखेर म्हणाल्या, "पण एका नावात सांगता येणार नाही."

म्हणून आधी मी माझं सांगितलं. मी बेळगावची, त्यातही शहापूरची. आज शहापूर हा बेळगावचाच भाग. पण आजीच्या लहानपणी ते सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. वडील 1954 साली मॅट्रिक झाले, त्यांच्या दाखल्यावर मुंबई राज्य. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. माझा जन्म 1968 चा, म्हणून माझ्या दाखल्यावर म्हैसूर. 1973 मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं. धाकट्या भावाचा जन्म त्यानंतरचा, त्याच्या दाखल्यावर कर्नाटक. घर एकच, आडावरचा रहाटसुद्धा तोच. गावाचं नाव घरात बेळगाव, इंग्रजी कागदांवर बेलगाम, आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी. जुन्या लेखांत सापडतं ते वेणुग्राम वेगळंच.

बाई टक लावून ऐकत होत्या. मग त्यांनी वहीचं पान फाडलं आणि त्यावर चार नावं लिहिली. ब्राशोव, ब्राशो, क्रोनश्टाट, ओराशुल स्टालिन. "हे सगळं एकच गाव," त्या म्हणाल्या. "माझं."

आई रोमेनियन, ती ब्राशोव म्हणायची. वडील हंगेरियन, त्यांचं ब्राशो. खालच्या मजल्यावरची म्हातारी सॅक्सन. तिचे पूर्वज बाराव्या शतकात हंगेरीच्या राजाने या डोंगराळ मुलखात वसवलेले जर्मन. ती क्रोनश्टाट म्हणे, मुकुटाचं शहर. आणि 1950 ते 1960 या दहा वर्षांत सरकारने शहराचं नाव बदलून स्टालिनचं शहर केलं होतं. गावाला टेकून टांपा नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर झाडं लावून स्टालिनचं नाव दुरूनही वाचता येईल असं उमटवलं होतं. बाईंचा जन्म 1957 चा. त्यांच्या जन्मदाखल्यावर जे गाव आहे ते नकाशात कुठेच सापडत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. मीही काही बोलले नाही.

मग त्यांनी त्याच पानावर कार्पेथियन काढला. विळ्यासारखा वाकलेला डोंगर, त्याच्या कुशीत पठार, आणि जिथे विळा वळतो त्या कोपऱ्यात ब्राशोव. या पठाराला जग ट्रान्सिल्व्हेनिया म्हणतं. शब्द लॅटिन आहे, अर्थ अरण्यापलीकडचा मुलूख. हंगेरियन नाव एर्देय, त्यातही अरण्य आहेच. रोमेनियन लोक घरगुती बोलण्यात आर्द्याल म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते ते एर्देयवरूनच आलं. जर्मन नाव मात्र निराळं: झीबेनब्युर्गेन, सात गढ्या.

मी विचारलं, "अरण्यापलीकडे म्हणजे कुणाच्या पलीकडे? तिथे राहणारा माणूस तर अलीकडेच असणार."

त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. हाच प्रश्न त्यांनी लहानपणी वडिलांना विचारला होता. ते नाव पश्चिमेच्या हंगेरियन मैदानातून पाहणाऱ्याने ठेवलं आहे. नाव ठेवणारा कुठे उभा होता, ते नावात राहून जातं. मला हे शिकवण्याची गरज नव्हती. कोकणातला माणूस वरून आलेल्याला घाटी म्हणतो आणि वरचा माणूस 'घाटाखाली गेलो' म्हणून सांगतो. सह्याद्री एकच, फरक उभं राहण्याच्या जागेचा. वर्गात हे सांगताना मी नेहमी बाकावर चढून दाखवायचे.

आणखी एका शब्दाने मला घरी नेलं. डोंगरांनी वेढलेल्या एकेका खोऱ्याला रोमेनियन लोक 'त्सारा' म्हणतात. मूळ लॅटिन 'टेरा', म्हणजे भूमी. आज या शब्दाचा अर्थ देश असाही होतो. पण त्सारा बर्सेइ, त्सारा फगराशुलुइ, त्सारा हात्सेगुलुइ ही ब्राशोव, फगराश आणि हात्सेग या गावांभोवतीची खोरी. फगराशच्या रांगेत मोल्दोव्यानू हे रोमेनियाचं सर्वांत उंच शिखर, 2544 मीटर. आपलं कळसूबाई 1646. मी त्यांना मावळ समजावून सांगितला: पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, हिरडस मावळ, एकेका नदीचं एकेक खोरं, आणि प्रत्येक खोऱ्याला आपण स्वतंत्र मुलूख असल्याची जाणीव. आमच्याकडे चंदगडच्या बाजूला कर्यात भाग म्हणतात, तोही असाच. त्यांनी 'मावळ' शब्द लिहून घेतला आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह काढून 'त्सारा' लिहिलं.

आता त्यांच्या पुढ्यातल्या कोशाबद्दल. तो 1834 मध्ये कलकत्त्यात छापलेला तिबेटी-इंग्रजी कोश, आणि त्याचा कर्ता अलेक्झांडर चोमा. जन्म 1784 चा. योगायोग असा की विल्यम जोन्सने ही सोसायटी स्थापन केली तेही त्याच वर्षी, 15 जानेवारीला. कार्पेथियनच्या त्याच वळणावर, कोवास्ना या आंबट पाण्याच्या झऱ्यांच्या गावाजवळ कोरोश नावाचं खेडं आहे, तिथला हा मुलगा. हंगेरियन लोक आशियातून नेमके कुठून आले ते शोधायचं म्हणून 1819 च्या नोव्हेंबरात तो निघाला. बुखारेस्ट, अलेप्पो, बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर करत 1822 मध्ये लेहला पोचला. बराच प्रवास पायी. पूर्वजांचं गाव त्याला कधीच सापडलं नाही. वाटेत तिबेटी भाषा मात्र सापडली आणि तिच्यासाठी तो झंस्कारमधल्या आणि नंतर किन्नौरातल्या कानम इथल्या मठांत वर्षानुवर्षं, कडाक्याच्या थंडीत, लामांजवळ बसून शिकला. 1831 मध्ये तो कलकत्त्याला आला. 1837 पासून याच सोसायटीचा ग्रंथपाल होता, राहायलाही इथेच. 1842 मध्ये ल्हासाला जायला निघाला, तराईत ताप भरला आणि 11 एप्रिलला दार्जिलिंगमध्ये वारला. मागे राहिलं ते सामान असं: पुस्तकांच्या आणि कागदांच्या चार पेट्या, नेहमी अंगावर असे तोच निळा पोशाख, काही कपडे, आणि स्वयंपाकाचं एक भांडं.

बाईंनी कोशाचं मुखपृष्ठ माझ्याकडे वळवलं. त्यावर त्याने झंस्कारच्या संग्ये फुंत्सोग लामांची मदत आपल्या नावाच्याही आधी नोंदवली आहे. हे वाचून माझ्या मनात त्या माणसाबद्दल फार आदर दाटला. मग स्वतःचं नाव: कोरोशचा चोमा. आणि खाली, तो ट्रान्सिल्व्हेनियाचा सेकेय हंगेरियन आहे, ही ओळख. 1834 च्या कलकत्त्यात ही तीन नावं किती जणांना कळली असतील? तरी त्याने एकही गाळलं नाही.

"हंगेरियनमध्ये त्याचं नाव कोरोशी चोमा शांदोर," बाई म्हणाल्या. "आमच्यात आडनाव आधी येतं. 'कोरोशी' म्हणजे कोरोश गावचा."

"कोरोशकर!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पाहिलं.

मग हळू आवाजात मी त्यांना 'कर' समजावला. सांगलीकर, निपाणीकर, खानापूरकर. माणूस गाव सोडून चार पिढ्या झाल्या तरी गाव नावाला चिकटून येतं. या शहरात माझ्या ओळखीची अशी मराठी कुटुंबं आहेत ज्यांच्यातल्या कुणीही आडनावातलं गाव पाहिलेलं नाही. बाईंनी त्यावर जे सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. चोमाने गावाचं नाव जन्मभर वागवलं आणि पुढे गावानेच त्याचं नाव घेतलं. हंगेरियनमध्ये ते खेडं आता चोमाकोरोश आहे. रोमेनियनमध्ये त्याच खेड्याला क्यूरुश म्हणतात. 'कोरोश' हा उच्चार रोमेनियन जिभेवर बसला तो असा.

तिथली वस्ती आजही बव्हंशी हंगेरियन आहे. पहिल्या महायुद्धानंतर, 1918 ते 1920 च्या घडामोडींत, ट्रान्सिल्व्हेनिया रोमेनियात आला. 1940 मध्ये त्याचा उत्तर भाग, चोमाच्या गावासकट, पुन्हा हंगेरीला दिला गेला आणि युद्ध संपल्यावर परत रोमेनियाकडे आला. 2001 मध्ये तिथे कायदा झाला: जिथे अल्पसंख्य भाषकांची वस्ती 20 टक्क्यांहून अधिक, तिथे गावाच्या पाटीवर त्यांच्या भाषेतलं नावही लिहायचं. रोमेनियन वर, हंगेरियन खाली. "आईबाबा दोघांचं," बाई म्हणाल्या. कुणी रात्री एखाद्या ओळीला काळं फासतं, असंही त्या म्हणाल्या.

मला 2014 चा जुलै आठवला, मराठी-कानडी वादात बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा मराठी फलक हटवला गेला तो. मी तेव्हा कोलकात्यात होते. टीव्हीवर ती वेस पाहिली आणि रात्री जेवण गेलं नाही. पाटी म्हणजे रंगवलेला पत्रा, असं ज्यांना वाटतं त्यांच्या गावाचं नाव कधी कुणी पुसलेलं नसतं.

त्यांनी माझ्या नकाशाकडे बोट करून विचारलं, "आणि तुम्ही काय शोधताय?" मी ती रेघ दाखवली. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी खणायला घेतलेला खंदक, मराठा डिच. तो कधी पुरा झालाच नाही. 1799 मध्ये बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. बागबाजारात मराठा डिच लेन या नावाने तो अजून आहे. आमच्या घराची मालकीण, जिला मी पंचवीस वर्षं मासीमा म्हणत आले, तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं की तिची आजी बर्गी येतील अशी भीती घालून मुलांना झोपवायची. बर्गी म्हणजे बारगीर, आपलाच शब्द. तो इथे येऊन भीतीचं नाव झाला. पश्चिम बंगालच्या खेड्यांत त्या स्वाऱ्यांनी जे केलं ते भयंकर होतं, आणि ते मराठी माणसाने मान खाली घालून ऐकलं पाहिजे असं मला वाटतं. माझ्या मुलखाचं नाव कुणाच्या अंगाईत कसं उमटलं आहे, हे माहीत असूनच मी या शहरात राहते. मासीमाने मात्र पुढच्याच वाक्यात भात वाढला होता.

चार वाजले. आम्ही पायऱ्यांवर आलो. दुसऱ्या दिवशी बाई दार्जिलिंगला, चोमाच्या कबरीकडे निघणार होत्या. टॅक्सी येईपर्यंत त्यांनी मला 'कोरोश' नीट म्हणायला शिकवलं. ओठ 'ओ'सारखे गोल आणि जीभ 'ए'च्या जागी. आपल्याकडे तो स्वर नाही. मला पाचव्यांदा जमलं.

मग त्यांची पाळी. बेळगाव. त्यांचा ळ कधी ल होई, कधी र. मी सांगितलं, जीभ मागे वळवा, टाळूला लावा आणि सोडा. इंग्रजीला तो जमला नाही, बंगालीत तो नाही. पंचवीस वर्षं मी इथे बेलगावची आहे.

"कानडी नावात?" त्यांनी विचारलं.

"त्यातही ळ आहे," मी म्हणाले. "अगदी हाच."

त्या थांबल्या. "म्हणजे भांडण ज्या दोघांचं आहे, त्या दोघांनाच हा उच्चार येतो?"

पिवळी टॅक्सी आली. त्या आत बसल्या, काच खाली केली आणि सिग्नल सुटेपर्यंत ळ, ळ, ळ म्हणत राहिल्या. शेवटचा अगदी बरोबर होता.