तुये येथे लोखंडी सांगाड्याचे घर

लोखंडी सांगाड्याच्या घरात छपराचा आणि मजल्याचा भार पोलादी खांब व तुळया पेलतात. भिंतीकडे आडोशाचे काम राहते. गोव्याचे पारंपरिक घर याच्या उलट असते. तिथे चिऱ्याची जाड भिंत भार घेते आणि तिच्यावर लाकडी वासे, रिपा व मंगळुरी कौले बसतात. पेडणे तालुक्यातील तुये गावी आमचे घर बांधताना दोन्हींचा मेळ घातला: सांगाडा पोलादाचा, भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलांचे. चांगले लाकूड महाग झाले आहे आणि वाळवीची भीती कायम असते. शिवाय सांगाड्यामुळे मधल्या भिंतींवाचून ऐसपैस खोली मिळते. आपल्याकडे ही पद्धत जुनीच आहे. मुंबईतील वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवून आणलेल्या लोखंडी भागांवर उभे राहिले.

कागदपत्रे इतर घरांसारखीच लागतात: जमिनीच्या बिगरशेती वापराची सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना. मात्र सांगाड्याचे गणित अभियंत्याकडूनच करून घ्यावे लागते. पोलादी बांधकामासाठी आयएस ८०० हे भारतीय मानक आहे. गोव्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरतात. हलक्या छपराला वारा दाबतो त्याहून अधिक उचलतो. म्हणून खांब पायात घट्ट जखडणे हे त्यांना उभे करण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

पायाचे काम पाऊस ओसरल्यावर सुरू केले. खणताना घट्ट जांभा लागला. असा थर भार चांगला घेतो. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या वर काढला आणि त्यात अँकर बोल्ट बसवले. हे बोल्ट काँक्रीटमध्ये एकदा पक्के झाले की हलत नाहीत. म्हणून भोके पाडलेल्या पत्र्याच्या साच्यात ते अडकवून, दोरी आणि ओळंब्याने तपासून मगच काँक्रीट ओतले. चौथऱ्याची उंची शोभेसाठी नाही. पावसाचे उडणारे पाणी आणि ओली माती खांबाच्या बुडाला लागली की गंज तिथूनच चढतो.

सांगाड्याचे भाग कारखान्यात कापून, वेल्डिंग करून आणले आणि जागेवर बोल्टने जोडले. जागेवर वेल्डिंग केले की त्या ठिकाणचा जस्ताचा किंवा रंगाचा थर जळतो, म्हणून ते टाळले. आलेल्या मालात एका तुळईच्या टोकाची भोके खांबावरच्या भोकांशी जुळेनात. गॅसने भोक मोठे करून वेळ निभावण्याचा सल्ला मिळाला. पण वाकडेतिकडे जाळलेले भोक जोड कमकुवत करते. ती तुळई परत पाठवून टोकाची पट्टी नवी करून घेतली. माल उतरवण्याआधी भोकांचे अंतर नकाशाशी ताडून पाहिल्यास हा खोळंबा गाडीवरच संपतो.

पेडण्यात पोलादाचा खरा शत्रू गंज आहे. समुद्र पश्चिमेला काही किलोमीटरवरच, हवा खारट, आणि जून ते सप्टेंबर पाऊस व दमटपणा. वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेल्या जाड पोलादावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर बसतो; उघड्या भागांसाठी हाच मार्ग घेतला. आतले भाग वाळूच्या माऱ्याने साफ करून त्यांवर झिंक प्रायमर आणि इपॉक्सी रंग दिला. पोकळ नळ्यांची तोंडे झाकणपट्टीने बंद केली, कारण आत साचलेला ओलावा बाहेरून दिसत नाही.

खांब उभे करताना ओळंबा पाहून तात्पुरते तिरके आधार दिले. सर्व तुळया बसल्यावर बोल्ट पूर्ण आवळले आणि बुडाच्या पट्टीखाली न आकसणारे ग्राउट भरले. मजल्यासाठी डेक शीटवर काँक्रीट घातले. छपरात लाकडी वाशांऐवजी पोलादी पट्ट्या आल्या. कौलांचा उतार मात्र जुन्या घरांइतकाच तीव्र ठेवला. पावळी भिंतीपासून लांब काढली, म्हणजे झडीचे पाणी खांबांपर्यंत पोहोचत नाही.

चिरा आणि पोलाद यांचा सांधा नाजूक असतो. दहा मीटर लांबीची तुळई ३० अंशांच्या तापमानवाढीने साडेतीन मिलिमीटरहून थोडी अधिक लांबते. भिंत तेवढी हलत नाही. त्यामुळे तुळई आणि भिंत यांच्यात फट ठेवून ती लवचीक भरावाने बुजवली, खांबाला जोडलेल्या पट्ट्या चिऱ्यांच्या थरांत घेतल्या आणि सांध्यावर जाळी ठोकून गिलावा केला. चिरा पाणी शोषतो, म्हणून पोलादाला तो थेट न टेकवता मध्ये लेप दिला.

विजेसाठी सांगाड्याला अर्थिंग दिले. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात इथे विजा कडाडतात. आगीचाही विचार करावा लागतो: पोलाद जळत नसले तरी साधारण ६०० अंश सेल्सिअसला त्याची निम्म्याहून अधिक ताकद जाते. स्वयंपाकघरातले खांब म्हणूनच चिरा आणि गिलाव्यात झाकले, त्यांवर आधी इपॉक्सीचा जाड थर देऊन.

असे घर वेगाने उभे राहते, पण त्याची देखभाल चुकवता येत नाही. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी खांबांची बुडे, बोल्ट आणि छपरातले सांधे पाहावेत. रंग सुटला असेल तिथे घासून लगेच प्रायमर लावावा. खर्चाचा मोठा वाटा पोलादाच्या वजनावर ठरतो, म्हणून आधी नकाशा पक्का करावा आणि मगच माल सांगावा. खारट हवेत घर बांधणाऱ्याने पैसे वाचवायचे तर फरशीत वाचवावेत. जस्त, रंग आणि बोल्ट यांत वाचवू नयेत.