दोन उभ्या रेघा

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर ज्या गुरुचरित्राची पारायणं होतात, त्याच्या ओव्या सात हजारांहून अधिक, आणि छापील पोथीत ओवी संपली की दुहेरी दंड. युनिकोडमध्ये या दंडाला स्वतःची जागा आहे. पण टंकताना तो चटकन हाताशी येत नाही, म्हणून पुष्कळ जण कळफलकावरचा पाइप दोनदा दाबून पुढे जातात. वाचणाऱ्याला ते खपतं, फाइलीत मात्र दंड नसतोच. मग टर्मिनल उघडून ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या साधनाला सांगायचं, की ‘||’ दिसेल तिथे ‘॥’ घाल. एवढ्याशा कामात एस्केपिंगचा, म्हणजे विशेष चिन्ह साधं म्हणून वाचायला लावण्याचा, सगळा प्रश्न उभा राहतो. एखादं चिन्ह मुळातच विशेष असतं, ही समजूत मला चुकीची वाटते. ते त्या क्षणी कोण वाचतंय, यावर सगळं ठरतं. कमांड अवतरणाविना लिहिली, तर या रेघा आधी कमांड चालवणारा शेल वाचतो आणि त्याच्या लेखी त्यांचा अर्थ ‘पहिली कमांड फसली तर दुसरी चालव’. एकेरी अवतरणात लिहिली तर त्या जशाच्या तशा सेडकडे पोचतात. शोधायचा नमुना लिहिण्याच्या साध्या पद्धतीत सेड त्यांना नुसत्या रेघा मानतो आणि काम बिनबोभाट होतं. विस्तारित पद्धतीत मात्र रेघ म्हणजे ‘किंवा’. दोन्ही बाजूंना काहीच नाही, म्हणजे ‘काही नाही किंवा काही नाही किंवा काही नाही’, आणि ‘काही नाही’ तर जागोजागी सापडतं. लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये ‘कृष्णा’ या शब्दाचं मग ‘॥क॥ृ॥ष॥्॥ण॥ा॥’ होतं. काना, जोडाक्षर, ऋकार, सगळं सुटं.

यावर हमखास येणारा सल्ला असा, की शंका आली की बॅकस्लॅश द्यावा, त्यानं बिघडत नाही. बिघडतं. ग्नू सेडच्या साध्या पद्धतीत ‘\|’ हाच ‘किंवा’ आहे. म्हणजे नीट चाललेल्या कमांडला सावधगिरी म्हणून बॅकस्लॅश जोडला, की वरचाच चुराडा हाती येतो. दुसरा सल्ला, कमांडचे भाग वेगळे करणाऱ्या तिरप्या रेघेचा अडथळा होत असेल तर तिच्याऐवजी विभाजक म्हणून पाइप वापरावा. पत्ते आणि तारखा बदलताना तो उत्तम, पण पोथीच्या मजकुरात पाइपच शोधायचा असताना निरुपयोगी. तिथे ‘#’ घ्यावा. एडिटरमधून हाताने बदलणं सोपं, असंही म्हणतात. एका फाइलीपुरतं ते खरंच आहे. अध्यायागणिक वेगळ्या पन्नासेक फाइली असल्या, आणि महिन्याभरानं सुधारित प्रत आली, की तेच काम पुन्हा तसंच करता आलं पाहिजे, आणि ते लिहून ठेवलेली कमांडच करते.

चिन्ह जसंच्या तसं शोधायचं असलं, की मी स्वतः चौकटी कंस घेतो. ‘[|][|]’ हे दोन्ही पद्धतींत एकच वाचलं जातं. ‘कि.मी.’मधल्या टिंबालाही हाच उपाय, नाहीतर ते टिंब कुठल्याही एका अक्षराशी जुळतं. बदली मजकुराच्या बाजूला मात्र कंसाला काही अर्थ नाही. तिथे ‘&’ म्हणजे ‘जे सापडलं ते’. वाडीतल्या दुकानाच्या दरपत्रकात ‘पेढे आणि बासुंदी’मधल्या ‘आणि’च्या जागी ‘&’ घाला म्हटलं, तर सेड ‘आणि’च्या जागी ‘आणि’च ठेवतो, चूक झाल्याचा संदेशही देत नाही. इथे बॅकस्लॅश लागतोच.