आधी निगेटिव्ह बघा

जुना कॅमेरा घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "याचं मीटर गेलंय." मी कॅमेरा बाजूला ठेवतो आणि धुतलेला रोल मागतो. रोल आणलेला नसतो, मोबाईलवर लॅबने पाठवलेले स्कॅन असतात. स्कॅनवरून निदान करता येत नाही, कारण स्कॅनरने प्रत्येक फ्रेम उजळून किंवा दाबून डोळ्यांना बरी दिसेल अशी करून टाकलेली असते. चुकीचा खरा पुरावा निगेटिव्हवर असतो.

निगेटिव्ह हातात आली तरी मी चित्रं आधी बघत नाही. फिल्मच्या कडेला कंपनीने उमटवलेले आकडे आणि अक्षरं बघतो. ती कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. अक्षरं ठसठशीत काळी आणि चित्रं मात्र फिकी असली, तर धुलाई ठीक आहे, दोष कॅमेऱ्यात किंवा मोजण्यात आहे. अक्षरंच पुसट असली तर डेव्हलपर थकलेला होता किंवा वेळ कमी पडली. घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणाऱ्यांच्या बाबतीत आपल्याकडे याच्या उलट फार घडतं. डी-७६ या डेव्हलपरची वेळ साधारणपणे २० अंश सेल्सिअसला दिलेली असते आणि मे महिन्यात मुंबईच्या नळाचं पाणी तिशीच्या आसपास असतं. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड केली नाही किंवा वेळ कमी केली नाही, तर अक्षरं भरून येतात आणि आकाश गच्च काळं होतं. अशी निगेटिव्ह पाहून कॅमेरा उघडणं हा त्या कॅमेऱ्यावर अन्याय आहे.

मग सावल्या बघायच्या. झाडाखालचा अंधार, दाराच्या आतला भाग. तिथे फिल्म पूर्ण पारदर्शक असेल तर प्रकाश कमी पोचला. तो भाग पुढे कितीही वेळ धुऊन परत येत नाही. सावलीत तपशील आहे पण सगळं चित्रच मिळमिळीत आहे, तर धुलाई कमी झाली.

दोष कॅमेऱ्याकडे येतो असं ठरलं की मी एकच गोष्ट विचारतो : चूक कोणत्या बाजूची आहे? फोटो सतत अंडर जातात की ओव्हर? जुन्या कॅमेऱ्यांच्या व्याधींना दिशा असते, आणि ती कळली की अर्धं निदान झालं.

सतत अंडर जात असतील तर माझा पहिला संशय सेलवर. मिनोल्टा एसआर-टी १०१ किंवा कॅनोनेटसारख्या १९६०-७०च्या कॅमेऱ्यांतली मीटरं १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेली होती. त्या सेलचा गुण असा, की संपेपर्यंत त्याचा व्होल्टेज जवळजवळ हलत नसे. १९९०च्या दशकात अमेरिका-युरोपात पाऱ्याच्या सेलवर बंदी आली. ती योग्यच होती, पारा विषारी आहे. पण आता त्या जागी लोक दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल घालतात. जास्त दाबामुळे काटा जास्त वर जातो, मीटरला आहे त्याहून अधिक उजेड वाटतो आणि आपण अपर्चर बंद करत जातो. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज वापराबरोबर उतरत राहतो, त्यामुळे या रोलची चूक पुढच्या रोलला लागू पडत नाही. म्हणूनच "एएसए एक स्टॉप कमी लावा" हा सल्ला मला पटत नाही. सरकणारी चूक ठरावीक दुरुस्तीने जात नाही. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. तो थोडा लहान असतो, भोवती रबराची कडी घालावी लागते, आणि स्टिकर काढला की वापरा न वापरा, तो काही आठवड्यांत-महिन्यांत संपतो. तरी मी तोच घालतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांना ही चिंता नाही. १९६४च्या त्या कॅमेऱ्यात ब्रिज सर्किट आहे, काटा मध्यावर आला की व्होल्टेज थोडा कमी-अधिक असला तरी मोजमाप फारसं बदलत नाही. माझ्या मते त्या पिढीतली ती सर्वांत शहाणी रचना आहे.

सतत ओव्हर जात असतील तर वेगळ्या दिशेने जावं लागतं. सेलेनियमची मीटरं, म्हणजे वेस्टन मास्टर किंवा ऑलिंपस ट्रिप ३५ची भिंगाभोवतीची दाणेदार काच, सेलशिवाय चालतात. पण कोकणातली, मुंबईतली दमट हवा आत शिरली की सेलेनियम मंदावतं. ते उजेड कमी सांगतं, म्हणून फोटो ओव्हर जातो. ट्रिप ३५ अंधाऱ्या खोलीत लाल पट्टी दाखवून शटर अडवतो. भर उन्हातही ती पट्टी वर येत असेल तर समजावं की सेलेनियम संपलं. मीटर ठीक असेल तर सुकलेल्या तेलाने जडावलेलं शटर बघावं. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ काढला तर १/१५चं शटर सुमारे १६ फ्रेम उघडं दिसायला हवं. पंचवीस दिसली तर तुमचं उत्तर मिळालं. फक्त एफ/११, एफ/१६लाच ओव्हर जात असेल तर अपर्चरच्या पात्यांवर तेल आलं आहे आणि ती वेळेत मिटत नाहीत. आकाशाची एकच बाजू काळवंडत असेल तर कापडी शटरचे दोन पडदे सारख्या वेगाने धावत नाहीत, आणि हे १/१०००ला आधी दिसतं.

आणि काही वेळा कॅमेऱ्यात काहीच बिघडलेलं नसतं. मीटर समोरच्या कोणत्याही दृश्याला मध्यम करडं मानतं. पांढऱ्या धोतर-टोपीतल्या वारकऱ्यांनी फ्रेम भरली की ते प्रकाश कमी करतं. आपल्या काळ्या पाषाणातल्या देवळासमोर तेच मीटर जास्त प्रकाश मागतं आणि कळसामागचं आकाश जाळून टाकतं. अशा वेळी मी त्याच उन्हात स्वतःचा तळहात धरतो, त्याचं माप घेतो आणि एक स्टॉप उघडतो.

बडोद्यात बनलेल्या आगफा क्लिक थ्रीमध्ये मीटर नव्हतंच. शटरचा वेग एक, निवड ऊन की ढग अशी साधी, तरी घराघरांतले अल्बम त्या डबीने भरले, कारण निगेटिव्ह फिल्म पुष्कळ चूक पोटात घालते, विशेषतः ओव्हरची. स्लाइड फिल्म अर्ध्या स्टॉपलाही माफ करत नाही, म्हणून संशयातल्या कॅमेऱ्यात ती घालू नये. स्वच्छ ऊन, पाठीशी सूर्य, १००ची फिल्म : एफ/१६ला १/१२५. कोणतंही मीटर तपासायला हे फुकटचं माप पुरेसं आहे, आणि मीटर नसेल तर फोटो काढायलाही.

तेव्हा मीटर मेलं म्हणून कॅमेरा भंगारात देऊ नका. भिंगात बुरशी नसेल आणि शटर खरं चालत असेल, तर तो कॅमेरा मीटरशिवायही पूर्ण आहे. तो वापरात ठेवा.