नाणेघाट कुणी राखला?

कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला उतरून मी नाणेघाट चढायला घेतला. रान विरळ होतं, खडकात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि जिवधनच्या शेजारची अरुंद खिंड पार केली की घाटघरचं पठार. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल सातवाहनकाळी याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जाई. वर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत असं सर्रास सांगितलं जातं, आणि मग हा घाट म्हणजे राजाचं वसुलीचं नाकं ठरतो. मला वाटतं, इथला खरा पुरावा रांजणात नाही, पाण्याच्या टाक्यांत आहे. खिंडीखालच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख दोन भिंती भरून आहे. त्यात अश्वमेध, राजसूय, गायी, हत्ती, कार्षापणांची दानं आहेत, अगदी आकड्यांसह. जकातीचा शब्दही नाही. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी या सातवाहन राजांच्या प्रतिमा होत्या. आता नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

कुणी म्हणेल, हा लेख धर्मकृत्यांचा, त्याचा रस्त्याशी काय संबंध? पण यज्ञांची कीर्ती राजधानीत कोरता आली असती. ती या आडकड्यावर कोरली, कारण वाचणारे, निदान पाहणारे, इथूनच जात होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरी ग्रंथ पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जातो असं नोंदवतो. मग जिथे गाडी चढतच नाही, त्या वाटेला महामार्ग का म्हणायचं? उत्तर त्याच ग्रंथात आहे. कल्याणला आलेली ग्रीक जहाजं तेव्हा पहाऱ्यात भडोचला नेली जात होती. म्हणजे माल वळला तो राजकारणामुळे, चढामुळे नव्हे. चढाची सोय इथे होतीच: सावलीला लेणं, बाजूला कातळात खोदलेली टाकी. डोक्यावर ओझं घेऊन कोकणातून वर येणाऱ्याला फरसबंदीहून या दोन गोष्टी जास्त लागतात. त्या राजांनीच पुरवल्या असंही नाही. जुन्नरच्या लेण्यांमध्ये धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दान दिल्याचा लेख आहे. आणखी एक टाकं दिलंय कल्याणच्या एका सोनाराने. घाटाखालच्या बंदरातला माणूस घाटावर पाण्याची सोय करतो, ती त्याच्या गावचे लोक तिथवर येत-जात असतात म्हणूनच.